जपानने नक्कल केली म्हणजे नेमकं काय केलं

"जपानने पाश्चात्यांची नक्कल केली आणि पुढे गेला, मग आपण का नाही करत?" हे वाक्य मी घरच्या समारंभात, ऑफिसात, गावाकडच्या कट्ट्यावर इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी सुरू केलं की मी लगेच विचारतो, कुठली नक्कल? कारण जपानने दोन प्रकारच्या नकला केल्या, दोन्ही साधारण एकाच काळात, काही वेळा तर त्याच माणसांनी, आणि त्यातली एक साफ फसली. आणि मला वाईट वाटतं ते याचं की फसलेली जी होती तीच आपल्याला जास्त आवडते. म्हणून एकदा नीट लिहून काढतोय, लांबेल जरा.

आधी फसलेली. 1883 च्या नोव्हेंबरात तोक्योमध्ये एक दुमजली विटांची झकपक इमारत उघडली, नाव रोकुमेइकान. कल्पना परराष्ट्रमंत्री इनोउए काओरूंची, आर्किटेक्ट जोसाया कॉन्डर नावाचा तरुण इंग्रज, आणि खर्च 1 लाख 80 हजार येन, त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. वर नाचाचा मोठा हॉल, खाली जेवणाची दालनं, बिलियर्ड्सची सोय. मंत्री लोक टेलकोट घालून यायचे, त्यांच्या बायका-मुली ज्यांनी जन्मात कधी किमोनोशिवाय काही घातलं नव्हतं त्या कॉर्सेट आवळून वॉल्ट्झ नावाचा युरोपियन जोडीनाच शिकत होत्या.

हे सगळं हौस म्हणून चाललं होतं असं नाही बरं का, यामागे खरी अडचण होती. 1858 पासून पाश्चात्य देशांनी जपानवर जे करार लादले होते त्यात जपानमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसावर जपानी कोर्टात खटलाच चालायचा नाही, त्याच्या देशाचा कॉन्सुल, म्हणजे तिथला त्यांचा सरकारी प्रतिनिधी, न्याय करणार. आयात मालावर कर किती लावायचा हेही जपानच्या हातात नाही. इनोउएंचा हिशोब असा की हे लोक आपल्याला रानटी समजतात म्हणून आपल्या कोर्टावर विश्वास ठेवत नाहीत, तेव्हा आपण त्यांच्यासारखे दिसलो, जेवलो, नाचलो की करार बदलतील.

परदेशी पाहुणे आले, जेवले, नाचले आणि घरी जाऊन हसले. बिगो नावाचा एक फ्रेंच चित्रकार तेव्हा जपानात राहत होता, त्याचं 1887 चं एक व्यंगचित्र आहे. एक जपानी जोडपं पार्टीला निघालंय, त्याने सूट घातलाय, तिने घेरदार झगा, दोघं आरशासमोर उभे, आणि आरशात दिसतायत दोन माकडं. मला ते चित्र बघवत नाही. त्यात वंशाचा माज तर आहेच, पण ज्यांना खूश करायला एवढा आटापिटा चालला होता त्यांच्या डोळ्यांना नेमकं काय दिसत होतं तेही त्यात आहे.

आणि नाच चालू असतानाच 1886 च्या ऑक्टोबरात नॉर्मंटन नावाची ब्रिटिश बोट किनाऱ्याजवळ बुडाली. कॅप्टन ड्रेक आणि त्याचे युरोपियन खलाशी लाइफबोटीत बसून वाचले, बोटीवरचे 25 जपानी प्रवासी सगळेच्या सगळे बुडाले. कोबेच्या ब्रिटिश कॉन्सुलेटने चौकशी करून कॅप्टनला निर्दोष ठरवलं. देशभर आरडाओरडा झाल्यावर पुन्हा खटला चालला आणि शिक्षा काय, तीन महिने कैद. तीन वर्षं जे वॉल्ट्झ नाचले होते त्याचा या 25 माणसांना काडीचा उपयोग झाला नाही.

पुढच्याच वर्षी, 1887 मध्ये, पंतप्रधान इतो हिरोबुमींच्या घरी फॅन्सी ड्रेस बॉल झाला, मंत्री लोक वेषांतर करून नाचले, आणि त्याच सुमाराला इनोउएंचा नवीन कराराचा मसुदा बाहेर फुटला. परदेशी माणसाच्या खटल्यात जपानी कोर्टात परदेशी न्यायाधीश बसवायचे अशी अट त्यात मान्य केली होती. सरकारचा स्वतःचा फ्रेंच कायदा सल्लागार बोआसोनाद, त्यानेसुद्धा सांगितलं की हे तुमच्या देशाच्या तोट्याचं आहे. एका मंत्र्याने राजीनामा दिला, लोक भडकले, सप्टेंबरमध्ये इनोउएंना जावं लागलं. इमारत पुढे सरदार-उमरावांच्या क्लबकडे गेली आणि 1940 च्या सुमारास पाडली.

आता दुसरी नक्कल, जी शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपते आणि जिच्यावर खरं तर आपण तासन् तास बोललं पाहिजे.

1871 च्या डिसेंबरात इवाकुरा तोमोमींच्या नेतृत्वाखाली शंभरावर माणसं योकोहामाहून बोटीत बसली, त्यात निम्मं सरकार आणि बरेचसे विद्यार्थी, पाच मुलीसुद्धा, सगळ्यात धाकटी सहा वर्षांची. यांनाही करार बदलायचे होतेच, पण वॉशिंग्टनमध्ये पहिल्याच टप्प्यावर गाडं अडलं, मग ते जवळपास दोन वर्षं अमेरिका आणि युरोप बघत फिरले. काय बघितलं तर गिरण्या, तुरुंग, शाळा, बंदरं, टांकसाळी, पार्लमेंट, काचेचे कारखाने. त्यांच्यातल्या कुमे कुनिताके नावाच्या विद्वानाने पाच खंडांचा अहवाल लिहिला आणि त्यात एक फार मोलाची गोष्ट टिपली, की युरोपची ही सगळी श्रीमंती जेमतेम गेल्या चाळीसेक वर्षांतली आहे. म्हणजे बघा, डोळे दिपून जावेत अशा लंडनमध्ये उभं राहून हा माणूस विचारतोय की हे झालं कधी आणि कशामुळे. मला या प्रश्नाबद्दल फार आदर वाटतो.

मी मूळचा इचलकरंजीचा, घरात दोन पिढ्या यंत्रमाग, त्यामुळे माझं लक्ष साहजिकच सुताकडे जातं. कामानिमित्त जपानला गेलो होतो तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी तोमिओकाची रेशीम गिरणी बघून आलो. तोक्योहून शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) ताकासाकी, तिथून एक छोटी खासगी रेल्वे, स्टेशनातून चालत पंधरा मिनिटं. लाल विटांच्या लांबच लांब इमारती, सांगाडा लाकडाचा आणि मधे विटा. जपानमध्ये तोवर विटा भाजायची पद्धत फारशी नव्हती, मग छपराची कौलं करणाऱ्या कारागिरांना बोलावलं आणि त्यांच्याकडून विटा पाडून घेतल्या. कौलारू घरात वाढलेल्या माणसाला हे ऐकून किती बरं वाटतं सांगू.

गिरणी 1872 ची, सरकारी. पॉल ब्रुना नावाचा फ्रेंच तज्ज्ञ आणला, यंत्रं फ्रान्सची, कोश उकळत्या पाण्यात सोडून तार काढायची 300 पात्रं. पण ब्रुनाने यंत्रं जशीच्या तशी मागवली नाहीत. जपानी मुली फ्रेंच बायकांपेक्षा ठेंगण्या म्हणून यंत्राची उंची बदलून घेतली. जपानची हवा दमट, रिळावर गुंडाळलेली तार सुकताना एकमेकीला चिकटते, म्हणून ती पुन्हा एकदा दुसऱ्या मोठ्या रिळावर गुंडाळायची पायरी वाढवली. ज्याने कधी सुताचं काम केलंय त्याला कळेल की ही दुसरी गुंडाळणी म्हणजे छोटी गोष्ट नाही, ती नसती तर सगळं रेशीम तुटत राहिलं असतं आणि लोक म्हणाले असते की जपानी मुलींना काम येत नाही.

सुरुवातीला कामाला मुलीच मिळेनात. फ्रेंच लोक लाल वाइन पितात ते रक्त आहे, मुलींचं रक्त काढतात अशी अफवा. तेव्हा गिरणीचे प्रमुख ओदाका आत्सुतादा यांनी स्वतःच्या मुलीला, यूला, पहिली कामगार म्हणून आणलं. मग हळूहळू सामुराई घरांतल्या मुली लांबलांबून आल्या. त्यातली एक एइ, मात्सुशिरो गावची, पंधरा-सोळा वर्षांची, तिने बऱ्याच वर्षांनी सगळ्या आठवणी लिहून ठेवल्या म्हणून आपल्याला एवढं कळतं. ती शिकली, आणि 1874 मध्ये परत जाऊन गावाजवळच्या नव्या गिरणीत बाकीच्या मुलींना शिकवायला लागली. तोमिओकाचं खरं काम हेच होतं, मुली तयार करून परत पाठवणं. बाकी धंदा म्हणून बघाल तर ती बऱ्याचदा तोट्यात चालली आणि 1893 मध्ये सरकारने मित्सुई या बड्या उद्योगसमूहाला विकून टाकली.

खरी गंमत पुढे आहे. तोमिओकासारखी गिरणी बांधायची ऐपत गावातल्या माणसाकडे कुठून येणार? मग सुवा तळ्याच्या आसपासच्या लोकांनी 1875 च्या सुमाराला काय केलं, फ्रेंच आणि इटालियन दोन्ही पद्धतींतलं जमेल ते घेतलं, लोखंडाच्या जागी लाकूड वापरलं, तांब्याच्या पात्राच्या जागी कुंभाराकडून भाजून घेतलेलं मातीचं पात्र. दिसायला ओबडधोबड, तोमिओकाच्या शेजारी ठेवलं तर गरीब वाटेल, पण एवढ्या थोड्या पैशात उभं राहणारं की गावोगाव पसरलं. 1909 च्या सुमाराला चीनला मागे टाकून जपान जगात सगळ्यात जास्त कच्चं रेशीम विकणारा देश झाला, तो या लाकडाच्या आणि मातीच्या यंत्रांच्या जोरावर. परकीय चलन आलं ते यातून, त्याच्यावर पुढची पोलादाची यंत्रं आली. (त्या गिरण्यांमध्ये पुढे मुलींचे फार हाल झाले, तासन् तास काम, क्षयाने किती गेल्या, हे विसरून जपानची आरती ओवाळायची माझी इच्छा नाही. तसंच युरोपकडून साम्राज्य करायचं पण ते शिकले आणि कोरियाने ते भोगलं.)

कापसाचं प्रकरण तर आपल्या जास्त जवळचं. सरकारने आधी लँकेशायरहून 2000 चात्यांचे (चाती म्हणजे सूत कातून गुंडाळणारी फिरती काडी) सेट मागवून ठिकठिकाणी वाटले, पाण्यावर चालणाऱ्या छोट्या गिरण्या काढल्या. यंत्र इंग्लंडचंच, तरी त्या धड चालल्या नाहीत, कारण आकार इतका लहान की खर्च निघेना, नदीला पाणी कमी झालं की काम बंद, आणि बिघडलं तर उघडून बघणारा माणूस नाही. मग शिबुसावा एइइची या उद्योजकाने वेगळा रस्ता धरला. लंडनमध्ये यामानोबे ताकेओ नावाचा तरुण शिकत होता, त्याला कळवलं की तू गिरणीचं काम शीक. तो लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्नला गेला आणि गिरणीमालकालाच उलट 150 पौंड देऊन तिथे काम शिकला. म्हणजे पगार घेऊन नाही, पैसे भरून! कापूस कसा येतो, कसा मिसळतात, यंत्राला तेल कुठे घालतात, माल कसा विकतात, सगळं बघितलं. परत आल्यावर 1883 मध्ये ओसाकाची गिरणी सुरू झाली, 10,500 चात्या, वाफेवर, आणि ती पहिल्यापासून नफ्यात.

आणि या गिरण्यांना कापूस कुठला लागायला लागला तर मुंबई बंदरातून येणारा. 1893 मध्ये जपानच्या निप्पॉन युसेन कंपनीने जमशेटजी टाटांना बरोबर घेऊन मुंबई-कोबे बोट सुरू केली, आपल्याकडचा कापूस तिकडे न्यायला. आपला आखूड धाग्याचा कापूस, त्यात चिनी आणि अमेरिकन योग्य प्रमाणात मिसळून त्यांनी सूत काढलं, आणि या मिश्रणात ते इतके तयार झाले की लँकेशायरला तसं करणं जमलं नाही. मुंबईत कापड गिरणी 1850 च्या दशकात आली, ओसाकाच्या जवळपास तीस वर्षं आधी. आपण पारतंत्र्यात होतो, करांचं धोरण आपल्या हातात नव्हतं, हे शंभर टक्के खरं आहे आणि ते बाजूला ठेवून तुलना करणं अन्याय होईल. पण जपानच्या हातातही 1911 पर्यंत कर ठरवायचा पूर्ण अधिकार नव्हता, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

त्या करारांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. 1891 च्या मे महिन्यात रशियाचा युवराज जपानला आला होता, ओत्सु गावात बंदोबस्ताच्या पोलिसानेच त्याच्यावर तलवारीने वार केला. युवराज वाचला. सरकारची घाबरगुंडी, रशिया युद्ध पुकारेल, त्या पोलिसाला फाशी द्या असा मंत्र्यांचा दबाव आला. कायद्यात फाशी होती ती जपानच्या राजघराण्यावर हल्ला केल्यास, परक्या युवराजासाठी नव्हती. सरन्यायाधीश कोजिमा कोरेकाता काही दिवसांपूर्वीच पदावर आलेले, ते म्हणाले कायद्यात नाही ते होणार नाही, आणि जन्मठेप झाली. युद्ध वगैरे काही झालं नाही. 1889 ची राज्यघटना, नवे कायदे, शिकलेले न्यायाधीश आणि मंत्र्याला नाही म्हणणारं असं कोर्ट, हे उभं राहिल्यावर 1894 मध्ये ब्रिटनने करार बदलला आणि 1899 पासून परदेशी लोक जपानी कोर्टापुढे आले. कोर्टावर विश्वास नाही म्हणून नाच शिकले होते, शेवटी उपयोगी पडलं ते कोर्ट सुधारणंच.

जोसाया कॉन्डरबद्दलही सांगायलाच हवं, नाहीतर त्या माणसावर अन्याय होईल. रोकुमेइकान बांधणारा हाच कॉन्डर तोक्योच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. 1873 मध्ये ते कॉलेज हेन्री डायर नावाच्या पंचवीस वर्षांच्या स्कॉटिश माणसाने उभं केलं होतं, वर्ग आणि प्रत्यक्ष साइटवरचं काम दोन्ही सक्तीचं, असं तेव्हा ब्रिटनमध्येही नव्हतं. कॉन्डरच्या पहिल्या बॅचचा तात्सुनो किंगो, त्याने पुढे बँक ऑफ जपान आणि तोक्यो स्टेशन बांधलं. कॉन्डरची ती नाचाची इमारत पाडली, त्याच्या विद्यार्थ्याचं स्टेशन 1914 पासून आजही वापरात आहे, मी स्वतः तिथून गाडी पकडलीय. त्याच कॉलेजचा तानाबे साकुरो, उजव्या हाताला दुखापत झालेली म्हणून डाव्या हाताने प्रबंध लिहिला, विषय बिवा तळ्याचं पाणी क्योतोला आणायचा कालवा, आणि पास झाल्याझाल्या विशीतल्या या पोरावर खरोखरच तो कालवा खणायची जबाबदारी टाकली. परदेशी इंजिनिअर नाही. काम चालू असताना तो अमेरिकेला गेला, तिथे ॲस्पेनला पाण्यावर वीज करतात ते बघितलं, परत येऊन पाणचक्क्यांचा प्लॅन बदलला, 1891 मध्ये वीज सुरू, 1895 मध्ये त्याच विजेवर क्योतोत जपानची पहिली इलेक्ट्रिक ट्राम. अभ्यास दौरा म्हणतात तो हा!

आपल्याकडच्या अभ्यास दौऱ्यांबद्दल मी वेगळं काय सांगू. सिंगापूर, दुबई, शांघायला जाऊन येतात, मग मुंबईचं शांघाय करायचं ठरतं, आणि शांघाय म्हणजे काय विचारलं तर उंच बिल्डिंगा आणि समुद्रावरचे पूल. तिथलं ड्रेनेज कोण सांभाळतं, महापालिकेला पैसे कुठून येतात, घरं कशी वाटतात हे कोणी विचारून आलेलं मला तरी दिसलं नाही. माझ्या गावाला "महाराष्ट्राचं मँचेस्टर" म्हणतात, लहानपणी मला त्याचा फार अभिमान होता, आता वाटतं की ज्या मँचेस्टरचे माग केव्हाच बंद पडले त्याचं नाव आपण अजून का मिरवतोय.

कारण माग कुठे पोचला बघा. तोयोदा साकिची, एका सुताराचा मुलगा, 1890 च्या सुमाराला लाकडी हातमागात सुधारणा करायला लागला, मग लाकूड-लोखंड एकत्र करून स्वस्त यंत्रमाग केला, आणि 1924 मध्ये चालू मागावर धोटा (आडवा धागा नेणारा भाग) आपोआप बदलणारा माग. 1929 मध्ये लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सने, ज्यांच्याकडून जपानी गिरण्या यंत्रं घ्यायच्या त्याच प्लॅटने, त्या मागाचे हक्क 1 लाख पौंडांना घ्यायचा करार केला. पुढे त्याच घराण्याने मोटारी काढल्या.

आज आमच्याकडे शेडमध्ये जपानी एअरजेट (हवेच्या झोताने धागा नेणारे) माग येतायत, चांगली गोष्ट आहे, मी विरोधात अजिबात नाही. पण मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा एका ओळखीच्या शेडवर बसलो होतो, एका मागाचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलेलं, माग बंद, बाहेरच्या टेक्निशियनची वाट बघत मालक फोन लावतोय. आणि शेजारी उभा असलेला जॉबर (माग लावणारा-दुरुस्त करणारा कारागीर), जुन्या साध्या मागावर तीस वर्षं काढलेला माणूस, जो नुसत्या आवाजावरून सांगतो की पिकिंगचा, म्हणजे धोटा फेकणारा, पट्टा ढिला झालाय, तो नव्या मागाचं झाकणसुद्धा उघडू शकत नाही, कारण त्याला कोणी शिकवलंच नाही. माग घेताना सबसिडी, बँकेचं कर्ज, उद्घाटन, फोटो, सगळं होतं, पण जॉबरच्या ट्रेनिंगचा खर्च कुणाच्याच कागदावर नव्हता.

मला एवढंच पाहिजे. पदाधिकारी आणि अधिकाऱ्यांचे आठ-आठ दिवसांचे दौरे एक वर्ष बंद ठेवा, त्या पैशात आमच्याकडच्या चार-पाच तरुण जॉबर पोरांना आधी सहा महिने जपानी शिकवा आणि मग वर्षभर जिथे हे माग बनतात तिथे पाठवा, यामानोबेसारखी फी भरावी लागली तरी भरू. परत आल्यावर त्यांनी दरवर्षी वीस जणांना शिकवायचं अशी अट घाला. पोरं तयार आहेत, दोघं तर आत्ताच मोबाईलवर जपानी शिकतायत. यंत्रमागधारकांच्या संघटनेतलं कोणी हे वाचत असेल तर मला मेसेज करा, भाषेच्या क्लासचा खर्च आम्ही काही जण मिळून करायला तयार आहोत, पाठवण्याचं तुम्ही बघा.